काकू, हा सर्व्हे कसला?

पुण्यात रस्त्यावर बसून चित्र काढायचं म्हटलं तर कागद मिळतो, पेन मिळतं, रंग तर हवे तेवढे मिळतात. मिळत नाही ती बसायला जागा. मंडईच्या आजूबाजूला जमिनीचा वीतभर तुकडाही असा नाही की ज्यावर कोणाचा ना कोणाचा वंशपरंपरागत हक्क नाही. बंद दुकानाची पायरी बघून मी टेकते, तोच शेजारच्या दुकानातून आवाज येतो.

"काकू, तिथं नका बसू. गिऱ्हाईक येतं."

"पण दुकान बंद आहे ना?"

"दुकान बंद आहे. पायरी चालू आहे."

पुढच्या कट्ट्यावर चार आजोबा पेपर वाचत असतात आणि पाचवी जागा रिकामी असते. तिथे बसायला गेलं की चौघंही पेपर खाली घेऊन बघतात. ती जागा नानांची. नाना किती वाजता येतात म्हणून विचारावं तर कळतं, नाना दोन वर्षांपूर्वी गेले. पण जागा नानांची.

शेवटी मी घडीचं स्टूल घेतलं. तीन पायांचं, खांद्याला अडकवायचं. शंभर किलोपर्यंत वजन चालेल असं त्याच्यावर छापलेलं होतं. हे शंभर किलो मधूनच खाली वाकून घरंगळलेली रंगाची वडी शोधतील, याचा मात्र छापणाऱ्याने विचार केलेला नव्हता. शिवाय दोन स्कूटरच्या मध्ये स्टूल टाकून जरा रेषा ओढायला लागावं तर मागे हॉर्न वाजतो. "काकू, पार्किंग आहे हे!" स्टूलवर बसलेली बाई हे पुण्यात वाहन नाही, त्यामुळे तिला पार्किंगचा हक्क नाही. आणि दुकानही नाही, त्यामुळे फुटपाथचाही नाही.

या उद्योगाला अर्बन स्केचिंग म्हणतात. सिॲटलच्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पानारियो या गृहस्थांनी २००७ साली याची सुरुवात केली आणि आता जगभरच्या शहरांतली चांगल्या घरची माणसं सुट्टीच्या दिवशी फुटपाथवर बसलेली दिसतात. त्यांचा आठ कलमी जाहीरनामा आहे. आमच्या कामाची कलमं दोन. चित्र जागेवर बसूनच काढायचं. आणि डोळ्यांसमोर जे आहे त्याच्याशी इमान राखायचं. दोन्ही मला तत्त्वतः मान्य आहेत. पण गॅब्रिएलसाहेब दिवाळीच्या आदल्या शनिवारी तुळशीबागेत स्टूल टाकून बसले असते, तर जाहीरनामा दीड कलमात आटोपला असता.

कारण डोळ्यांसमोर जे आहे ते दिसलं तर पाहिजे. चित्र काढताना बघण्याची माणसाला उपजतच ओढ असते, आणि ते बघायला तो उभा राहतो तो बरोबर मी आणि चित्राचा विषय यांच्या मधोमध. मी मंडईचा मनोरा काढत असते. एक गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येतात, मनोरा झाकून उभे राहतात आणि मान वाकडी करून चित्र बघतात.

"काय काढताय?"

"मंडई."

ते मागे वळून मंडईकडे बघतात. मग चित्राकडे. मग पुन्हा मंडईकडे. "अच्छा, ही होय," म्हणतात, आणि निघून जातात. मंडईबद्दल त्यांना जरा वाईट वाटलेलं असतं.

इतर देशांतला बघ्या म्हणे कौतुक करतो. आपला बघ्या पेपर तपासतो. याला कारण आपल्या शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गर्दीत हात घातला तर एक तरी इंटरमिजिएट पास निघतोच, आणि तो सहसा माझ्या उजव्या खांद्यामागे उभा असतो. "मला ए ग्रेड होती," अशी तो सुरुवात करतो. म्हणजे पुढे जे येणार ते अधिकारवाणीने. एका काकांनी तर सांगितलं की त्यांना स्मरणचित्राला भाजी मंडईच आली होती. घरी बसून, डोळे मिटून, आठवून आठवून सराव केला होता आणि परीक्षकांनी वाहवा केली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला तर समोर दिसतीये." एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणाने गिळलं, पण गिळताना मला दिसलं.

या लोकांचा मला त्रास होतो, असं मी घरी नेहमी सांगते. पण खरं बघाल तर एखाद्या सकाळी कोणीच थांबलं नाही, तर मी पॅड जरा रस्त्याच्या बाजूला कलतं करते. तरीही कोणी थांबलं नाही तर मोठ्याने सुस्कारा सोडते. एकदा तर एक पोरगा बराच वेळ मागे उभा होता म्हणून मी जीव ओतून एक कमान रंगवली, आणि वळून बघितलं तर तो माझ्या सावलीत उभा राहून मोबाइल बघत होता.

पॅडची एक वेगळीच दहशत आहे. डोक्यावर टोपी, मांडीवर पॅड, समोर बघून काहीतरी टिपून घेतेय, मधूनच एक डोळा मिटून पेन हवेत उभं धरून मापं घेतेय, अशी बाई मंडईच्या मागच्या पथारीवाल्यांनी बघितली की त्यांच्या मनात एकच शंका येते: अतिक्रमण विभाग. मला स्वतःला तो पसाराच हवा असतो. कांद्याचे ढीग, निळं ताडपत्रीचं छप्पर, उलट्या घातलेल्या टोपल्या, त्यावर ठेवलेला तराजू. मी पहिली टोपली काढेपर्यंत शेवटची टोपली दोन फूट मागे सरकलेली असते. मग शिट्टी वाजते. ताडपत्री गुंडाळली जाते. हातगाडी कोणीतरी गल्लीत घेऊन जातं. एक तरुण धीर करून जवळ येतो.

"काकू, हा सर्व्हे कसला?"

"सर्व्हे नाही रे. चित्र काढतेय."

"काढा की. आम्ही तर आतच आहोत," असं म्हणून तो राहिलेली दोन खोकीही उचलतो.

दहा मिनिटांत रस्ता स्वच्छ. वर्षानुवर्षं जे कोणाला जमलं नाही ते मी दोन बीच्या पेन्सिलीने करून दाखवलं, पण माझं चित्र गेलं. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच सहा मोटरसायकली उभ्या राहिल्या, हे सांगायला नकोच.

न घाबरणाऱ्या म्हणजे लिंबू-मिरची घेऊन बसणाऱ्या मावशी. त्यांनी असले सगळे विभाग पचवलेले आहेत. "काढ की बाई," त्या म्हणाल्या, "पन कोथमीर टवटवीत काढ." मी म्हटलं, मावशी, जरा वेळ हलू नका. त्या म्हणाल्या, "मी न्हाई हलले तर मिरची काय तू मोजनार?" आणि मग पुढचा तासभर त्या एकसारख्या हलत होत्या. त्यामुळे चित्रात त्यांना चार हात आले आणि तिन्ही बाजूंना बघणारा चेहरा. चित्र दाखवलं तेव्हा बराच वेळ बघून म्हणाल्या, "वांगी झ्याक झाल्यात. वांग्यावर मेहनत घेतलीय." मग व्यवहाराचा मुद्दा निघाला. तासभर माझ्या स्टूलमुळे गिऱ्हाईक वळसा घालून शेजारणीकडे जात होतं, तेव्हा काहीतरी घ्यायला हवं. मी पाव किलो मिरची आणि लिंबं घेतली. शेजारणीचाही कोपरा चित्रात आला होता, म्हणून मेथी घेतली.

तेव्हापासून आमच्या घरी चित्रकलेचा हिशेब भाजीत होतो. मी आले की नवरा स्केचबुकाला हात लावत नाही, आधी पिशवी उघडतो. "आज गर्दी काढलीस वाटतं," म्हणतो. आत मेथीच्या तीन जुड्या, दोन भोपळे आणि एक सुरण असतो. परवा म्हणाला, "तुझी प्रगती होतीये हं. आधी नुसती मिरची यायची." आता त्याने कलेत रस घेऊन एक सूचना केली आहे. मे महिन्यात मी फळबाजार काढावा.

मंडईची इमारत मात्र हलत नाही, हा तिचा मोठा गुण. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. या इमारतीवरच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी कडाडून विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव मिळालं ते महात्मा फुल्यांचंच. पुण्यात एखाद्या गोष्टीला विरोध करताना ही शक्यता लक्षात ठेवावी. तिचा मनोरा अष्टकोनी आहे. अष्टकोनाच्या एका जागेवरून तीन बाजू दिसतात, फार तर चार. माझ्या चित्रात पाच दिसतात. अशा वेळी केबल उपयोगी पडते. पेठांमधल्या आकाशात वायरींची जी काही जाळी आहे तिला लोक नावं ठेवतात, पण चित्रकाराला ती देवाने दिलेली आहे. जिथे कोपरा चुकला तिथे केबल काढायची. दोन भिंती जुळल्या नाहीत तर केबलचं भेंडोळं. माझ्या काही चित्रांत आता नुसत्या केबलीच आहेत, आणि ती चित्रं पुण्याशी सर्वांत प्रामाणिक आहेत असं जाणकारांचं मत पडलं.

अडचण फ्लेक्सची आहे. एकदा मी चांगली कमान निवडली आणि पुढच्या वेळी गेले तर तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध भाऊ, हात जोडलेले, गॉगल लावलेला. खाली शुभेच्छुकांची तीन रांगांत मुंडकी. समोर आहे त्याच्याशी इमान राखायचं म्हणजे फ्लेक्स काढणं आलं. मी एक रिकामा चौकोन काढला आणि कमान पुरी केली. तेवढ्यात एक कार्यकर्ता आला.

"मॅडम, भाऊ कुठायत?"

"हा चौकोन आहे ना, हेच भाऊ."

"असं नाही चालायचं. चेहरा पाहिजे."

मी भाऊंचा चेहरा काढायला घेतला. गॉगल असल्यामुळे सोपा होता. तर तो खाली वाकून हळूच म्हणाला, "आणि शुभेच्छुक?" मी म्हटलं, ती एवढीएवढी मुंडकी, कागद तळहाताएवढा. त्याने खूप विचार केला. "मग भाऊंनाही नका काढू. एकाला काढलं नि दुसऱ्याला नाही काढलं, तर वॉर्डात प्रॉब्लेम होतो." राजकारणाचं इतकं स्पष्ट विवेचन मी कुठल्या अग्रलेखात वाचलेलं नाही. भाऊंवर केबल काढली.

या सगळ्याला कंटाळून मी मागच्या गल्लीतला एक वाडा शोधला. लाकडी सज्जा, दिंडी दरवाजा, खचलेली कौलं, दारात तुळस आणि माणसाचा पत्ता नाही. मनात म्हटलं, आता निवांत. पंधरा मिनिटं गेली असतील. एक मोटरसायकल येऊन थांबली.

"कोणाकडून आलात?"

"कोणाकडून नाही. वाडा आवडला म्हणून काढतेय."

"कोणाला आवडला?"

हे मालकांचे पुतणे. वाड्याचा दावा चालू होता. किती वर्षं चालू होता ते त्यांनी सांगितलं, पण त्यात त्यांच्या वडिलांची वर्षं धरायची की नाही हे त्यांनाच नक्की नव्हतं. मी भाडेकरूंची माणूस नाही एवढी खात्री पटल्यावर ते एकदम मऊ झाले. चहा मागवला. म्हणाले, "ती पश्चिमेची भिंत बघा. वाकलीये. ती तेवढी नीट दाखवा. कधी अंगावर येईल सांगता येत नाही." भिंत धोकादायक ठरली की वाडा रिकामा, वाडा रिकामा की पुढचं सगळं.

चहा यायच्या आत सज्ज्यातून एक आजी वाकल्या. त्या वरूनच सगळं ऐकत होत्या. "अहो बाई, सरळ काढा हो ती भिंत! माझ्या लग्नापासून बघतेय, सुतासारखी सरळ आहे. आम्ही राहतोय इथं अजून!" पुतणे खालून म्हणाले, "आजी, तुमच्याच जिवासाठी बोलतोय." आजी वरून म्हणाल्या, "माझ्या जिवाचं भाडं मी दर महिन्याला कोर्टात भरते."

आता ही भिंत वाकलेली होती की सरळ, हे मी खरंच मन लावून बघितलं. मला ती सरळ वाटली. पण मी काढलेली कुठलीही भिंत आजवर सरळ आलेली नाही. विश्रामबागवाडा काढला तर तो लक्ष्मी रस्त्याकडे झुकतो. शनिवारवाड्याचा तट काढला तर तो नदीकडे निघतो. त्यामुळे मनात आजींची बाजू धरून, दात आवळून, श्वास रोखून जी भिंत मी काढली ती रस्त्यावर किमान दोन हात ओणवी आली. पुतण्यांनी माझे हात हातात घेतले. तीन बाजूंनी तिचे फोटो काढले. "काय डोळा आहे हो तुमचा," म्हणाले. पंधरा वर्षांत माझ्या चित्राला मिळालेली ही एकमेव मनापासूनची दाद, आणि ती स्वीकारत असताना वरून आजींनी तुळशीला पाणी घातलं. तुळस माझ्या डाव्या हाताला होती. पाणी माझ्यावर पडलं. त्याने भिंतीचा रंग ओघळून ती खरोखरच कोसळलेली दिसायला लागली. पुतण्यांनी त्याचाही फोटो घेतला.

अशा वेळी मला गंगाराम तांबटांचा हेवा वाटतो. सवाई माधवरावांच्या काळातला हा पुण्याचा चित्रकार. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो वेरूळला जाऊन लेणी काढून आला. १७९० साली त्याने पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लोक म्हणतील, गेंडा काढणं धाडसाचं. मला नाही वाटत. गेंड्याचे भाडेकरू नसतात. गेंड्यावर फ्लेक्स लावत नाहीत. आणि तासाभराने तो उठून, "आता सुरण तरी घ्या," असं म्हणत नाही.

आम्हा स्केचिंगवाल्यांची रविवारची बैठक संपते ती चित्रं मांडून. सगळ्यांनी आपापली वही जमिनीवर ओळीने ठेवायची, गोल करून उभं राहायचं, फोटो काढायचा आणि एकमेकांचं कौतुक करायचं. मागच्या वेळी विषय विश्रामबागवाडा होता. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी बाजूचं लाकूडकाम, ते सुरूचे खांब आणि वरची केळफुलं, बघत राहावीत अशी आहेत. ओळीतल्या एका चित्रात खांब पाच होते, दुसऱ्यात अकरा, आणि एकाने वाडाच न काढता समोरची आइस्क्रीमची गाडी काढली होती. कौतुकाची भाषा ठरलेली असते. रेषा वाकडी असेल तर "किती लूज आहे!" रंग सांडला असेल तर "काय एनर्जी आहे!" काम अर्धवट राहिलं असेल तर "मिनिमल ठेवलंयस, छान." आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांच्या चित्रात खांब मोजून जेवढे आहेत तेवढेच असतात आणि सगळे उभे असतात. त्यांना आम्ही "अगदी फोटोसारखं आलंय हं" असं म्हणतो. आमच्यात याहून मोठा अपमान नाही, आणि बिचाऱ्यांना तो दर वेळी कौतुक वाटतो.

आम्ही असे गोलात उभे असताना रस्ता झाडणाऱ्या एक ताई झाडू घेऊन तिथवर आल्या. थांबल्या. ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "हे ठेवलंय का टाकलंय?"

माझ्या वहीवर त्यांची नजर जरा जास्त वेळ होती, कारण तिथे वाड्याऐवजी एक स्कूटर होती. म्हणजे अर्धी होती. मंडईच्या कोपऱ्यावर कोणीतरी पांढरी स्कूटर लावून भाजी आणायला गेलं होतं. पायाशी कोबीचं पोतं, मागे बांधलेली केळीची पानं. इतका देखणा विषय मला जन्मात मिळाला नव्हता. मी मागच्या चाकापासून सुरुवात केली, नंबरप्लेट, सीट, केळीची पानं अशी पुढे सरकत हँडलपर्यंत आले, आणि मालक आले. मी म्हटलं, अहो दादा, पाचच मिनिटं. ते म्हणाले, "काकू, दुपारी पंगत आहे," आणि गेले. तिथे केबल काढायलाही वाव नव्हता.

तर हे दादा, तुम्ही किंवा तुमच्या पंगतीला जेवलेलं कोणी हे वाचत असेल, तर एक विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास गाडी पुन्हा त्याच कोपऱ्यावर लावा. पोतं आणि पानं नसली तरी चालतील, ती झालेली आहेत. पुढचं चाक, आरसे आणि दिवा एवढंच राहिलंय. तोंड मंडईकडे ठेवा आणि जरा तिरपी लावा, माझ्या हाताला सोपं जाईल. तेवढ्यात टोइंगवाले आलेच तर दंडाची अर्धी रक्कम मी भरेन. मागची अर्धी गाडी माझ्याकडे आहेच.